घरगाडीचं अ‍ॅव्हरेज

लीलाला कोणी विचारलं, वैनी, तुमचं घर कुठे, तर ती म्हणायची, "तुम्ही टेकून उभे आहात ना, त्याच्या आत." समोरचा माणूस दचकून मागे सरकायचा, कारण तो टेकलेला असायचा एका बसला.

ती बस तिच्या नवऱ्याची. भास्करने पंधरा वर्षं रत्नागिरीहून मुंबईला आंब्याच्या पेट्यांचा ट्रक नेला, आणि मग एक दिवस लिलावातून जुनी बस घेऊन आला. बाकडी उपटली. दोन्ही बाजूंना एकावर एक फळ्या ठोकून अठरा माणसांच्या निजण्याची सोय केली. मागच्या भागात स्वयंपाकघर झालं. दोन मोठे स्टो, भांड्यांची मांडणी, टपावर पाण्याची टाकी आणि तिथून आत आलेला नळ. ड्रायव्हरच्या पाठीमागे फळीवर दत्ताची तसबीर. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाणगापूर, अक्कलकोट, तुळजापूर, नरसोबाची वाडी करून आणायचं, वाटेत घरचं जेवण घालायचं आणि गाडीतच निजवायचं, असा धंदा. लोक तिला घरगाडी म्हणायला लागले. मुलगी उल्का लग्न होऊन चिपळूणला गेली, तेव्हा रत्नागिरीतल्या नाचण्याकडच्या भाड्याच्या खोल्याही सोडल्या. पावसाळ्यात गाडी दिराच्या परड्यात फणसाखाली उभी राहायची आणि ही दोघं त्या गाडीत.

लीला सातवी पास. स्वयंपाक तिचा, यात्रेकरूंची पथ्यं तिच्या ध्यानात, कोणाला एकादशी, कोणाला वाताचा त्रास, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं तिला पाठ. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे गाडीचं डिझेल.

झालं असं की गाडीचा काटा पहिल्यापासून मेलेला. टाकीत किती आहे ते कळावं म्हणून लीलाने कळकाची काठी केली. दहा-दहा लिटरचा डबा ओतायचा, काठी बुडवायची, ओल जिथवर आली तिथे सुरीने खूण करायची. त्या दिवसापासून काठी बघणं तिच्याकडे आलं. भास्कर काठीला हात लावत नसे. आजारी माणसाचा ताप बघायला घरातली माणसं जशी एकमेकांना पुढे करतात, तसा तो म्हणायचा, तूच बघ. आणि तिने सांगितलेलं ऐकून घ्यायचा, पण ऐकलं नाही असं दाखवायचा.

जिथे गाडी थांबेल तिथे पुरुषमंडळी जमायची. आत डोकवायची, फळ्यांवर थापा मारायची, आणि शेवटी तोच प्रश्न. किती देते?

"पाच," भास्कर म्हणायचा.

लिटरला पाच किलोमीटर. लीला मागे भात वेळत असायची, तिचा हात थांबायचा. गाडी सव्वातीन द्यायची. चढ लागला की तीन. तिला ठाऊक होतं, भास्करला ठाऊक होतं आणि गाडीवर क्लीनर म्हणून असलेल्या गंगारामला ठाऊक होतं. गंगाराम पन्नाशीचा, संगमेश्वराकडचा, देवभोळा माणूस. तो त्या वेळी मुद्दाम चाकाचे नट तपासायला वाकायचा.

कोणी फारच खोदून विचारलं तर भास्करचं उत्तर तयार असायचं. दूध पिणाऱ्याने म्हशीला आंबोण किती लागतं ते विचारू नये. किंवा मग, तुझ्या घरात चूल पेटते, पाणी भरतात, माणसं लोळतात, तुझं घर किती अ‍ॅव्हरेज देतं रे? लोक हसायचे. बोलणं काही खोटं नव्हतं. घर उचलून चालवायचं म्हणजे ते जड असणारच. अठरा ट्रंका, तांदूळ, नारळ, पाटा-वरवंटा. त्यात आपल्या माणसांना घाटावरचं पाणी पचत नाही, डाळ शिजत नाही अशी समजूत, म्हणून निघताना टाकी घरच्या विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरायची. परत येताना ती रिकामी होई, पण तोवर प्रत्येकाने तीर्थाचा कॅन भरून घेतलेला असे. लीला कधीकधी मनात हिशेब करी की या कॅनांपायी किती डिझेल जात असेल, आणि लगेच गालांवर मारून घेई. देवाचं पाणी मोजू नये.

ऐंशी सालच्या माघात त्यांची गाडी गाणगापूरहून परत येत होती. त्या दिवसांत डिझेलची टंचाई होती. पंपांवर ट्रकच्या रांगा लागलेल्या, कुठे गाडीमागे वीस लिटर, कुठे नुसतीच 'डिझेल नाही' ही पाटी. सोलापुरात दोन दिवस रांगेत गेले. लीलाने रस्त्याच्या कडेला चार वेळा स्वयंपाक केला. पहिल्या दिवशी लोकांनी भजनं म्हटली, दुसऱ्या दिवशी कोणी म्हणेना.

सगळ्यांत घायकुतीला आल्या होत्या यमुनाबाई. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला तिखट. त्यांच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं. ठरल्या दिवशी गाडी पोचली असती तर दोन दिवस हातात राहिले असते. आता श्राद्ध दुसऱ्या दिवसावर आलेलं. दर तासाला त्या फळीवरून मान बाहेर काढून विचारायच्या, "भास्करा, कुठवर आलं रे?" आणि भास्कर दर वेळी शब्द द्यायचा, की संध्याकाळच्या आत रत्नागिरी, मी सांगतो ना.

नरसोबाच्या वाडीला चिपळूणच्या चिंतामणीची गाडी भेटली. त्याचाही हाच धंदा, अशीच घरगाडी. लीला नदीच्या घाटावर भांडी घासायला गेली होती. परत आली तेव्हा दोघं मालक गाडीला टेकून विड्या ओढत होते. चिंतामणी म्हणत होता, माझी साडेपाच देते. भास्कर म्हणाला, थापा मारू नकोस. तेव्हा चिंतामणीने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. लीलाला एवढंच ऐकू आलं: घाट लागला की इंजिन बंद. उतारावर डिझेल कशाला जाळायचं? गाडी आपली आपण जाते.

लीला तिथेच थांबली. ट्रकवाल्याची बायको म्हणून पंधरा वर्षं काढलेली. इंजिन बंद केलं की या गाड्यांचा ब्रेक दोन-चार दाबांत संपतो, मग पायडल खाली जात नाही, हे तिला चुलीतल्या विस्तवाइतकं पक्कं माहीत होतं. पण ती भांडी घेऊन गाडीत चढली. तिला वाटलं, ऐकून घेताहेत नुसतं. असं करणारा माणूस नाही आपला.

कोल्हापूरला पंप बंद. मलकापूरला पाटी. आंबा घाटाच्या चढावर गाडी हत्तीसारखी धापा टाकत वर आली. दुपारचे तीन वाजले असतील. घाटाच्या तोंडाशी गाडी उभी राहिली आणि लीलाने काठी बुडवली. एक खूण आणि वर बोटभर. म्हणजे बारा लिटर. रत्नागिरी साठ-पासष्ट किलोमीटर. आकडा मांडायला कागद लागत नव्हता.

"किती?" भास्करने विचारलं. त्याने विचारलं, हेच तिला अवघड वाटलं. तो कधी विचारत नसे.

"नाही पोचणार."

"पालीला माझा ट्रकवाला आहे. त्याच्याकडे ड्रम असतो भरलेला. पालीपर्यंत गेलं म्हणजे झालं."

"पालीपर्यंतही नाही."

भास्करने गंगारामला बाजूला घेतलं. लीला काठी पुसायच्या निमित्ताने गाडीच्या पलीकडे उभी राहिली. गंगाराम एकदाच म्हणाला, भास्करशेठ, नको. मग बराच वेळ नुसता भास्करचाच आवाज. घाटाच्या पायथ्याला साखरप्यापर्यंत इंजिन बंद, खाली चालू करायचं. चार ठिकाणी चाकाखाली घालायला दगड घेऊन उडी मारायला तयार राहा. बाकी कोणाला कळता कामा नये, म्हातारी माणसं आहेत, उगाच घाबरतील.

लीला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हात जोडले तिने. म्हणाली, इथेच राहू, उद्या बघू, कोणीतरी देईल. तो म्हणाला की यमुनाबाईंना शब्द दिलाय. ती म्हणाली, शब्द माणसांना दिलाय, माणसंच नाही राहिली तर? तेव्हा तो चिडला. पंधरा वर्षांत एक पेटी सांडली नाही माझ्या हातून, म्हणाला, आणि तू मला घाट शिकवणार? शिवाय मग सगळ्या रत्नागिरीत होईल, भास्करची गाडी घाटमाथ्यावर तहानेने बसली. चिंतामणी तर दारोदार सांगत फिरेल.

म्हणजे हे खरं होतं. श्राद्ध आपलं वरवरचं.

नवऱ्याला चारचौघांत उलट बोलायची लीलाची रीत नव्हती. तिच्या आईची नव्हती, सासूची नव्हती. तिने गाडीत बघितलं. गोखले मास्तरांनी पाय पसरले होते, त्यांची बायको पोथी वाचत होती. काशी आणि सखू या दोघी बहिणी एका उशीवर निजल्या होत्या. अठरा माणसं. त्यांच्या मुलांनी निघताना तिलाच सांगितलं होतं, वैनी, आमच्या आईला सांभाळा हं. भास्करला नाही सांगितलं कोणी.

घाट उतरण्याआधी राखणदाराला नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं हा गाडीचा नेम. रस्त्याच्या कडेला झाडाखाली शेंदूर फासलेला दगड, तोच घाटाचा राखणदार. सगळ्यांनी उतरायचं, हात जोडायचे, गंगारामने देवाला सगळं सांगून त्याच्याकडे मागायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. आज भास्करला ते उरकून टाकायचं होतं. पण देवाला चुकवून घाटात शिरायची त्याचीही छाती नव्हती.

मंडळी डोळे चोळत उतरली. गंगारामने नारळ ठेवला, टोपी काढली.

"बा महाराजा, आज ही तुजी लेकरं गाणगापूर-वाडी करून घराकडं चाललीत."

"होय महाराजा."

"चालताना बोलताना काय चुकलंमाकलं असंल, तर ते पदरात घे."

"होय महाराजा."

"ही गाडी तुज्या दारावरनं खाली उतरते, तिच्या चाकाला काटा लागू देऊ नको."

"होय महाराजा."

गंगाराम थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. देवासमोर उभं राहून अर्धं सांगायचं आणि अर्धं ठेवायचं, हे त्याला जमत नव्हतं. आणि मालकाचं मीठ खाल्लेलं, तेही सुटत नव्हतं. त्याने ओठ हलवले, शब्द आला नाही. भास्कर म्हणाला, झालं, फोड नारळ.

तेव्हा लीला बोलली. गाऱ्हाणं बाईने घालायचं नसतं. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. डोळे तिने दगडावरच ठेवले, दुसरीकडे बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"आणि महाराजा, गाडीतलं डिझेल संपत आलंय."

"होय महाराजा," मंडळी म्हणाली.

"म्हणून इंजिन बंद करून गाडी घाटातून सोडायचं ठरलंय."

"होय महाराजा."

"बंद गाडीला ब्रेक राहत नाही. तेव्हा ही अठरा माणसं तुझ्या ओटीत घातली."

"होय महा..." एवढं म्हणून मास्तरांचा आवाज मध्येच राहिला. बाकीचे पुढे म्हणून गेले होते. मग एकेकाच्या डोक्यात शिरत गेलं. सखूने काशीचा दंड धरला. झाडावर कावळा होता, तोही उडून गेला.

लीलाने जे केलं ते तिला आता दिसत होतं. नवऱ्याला अठरा माणसांसमोर आणि देवासमोर उघडं पाडलं होतं. तो कुठे उभा आहे हे बघायचीही तिला हिंमत होईना.

यमुनाबाई पुढे आल्या. लीलाकडे बघितलं, मग भास्करकडे.

"माज्यासाठी घाई करतोस होय रे?"

"शब्द दिलाय काकी तुम्हाला."

"मेल्या, एकाचं श्राद्ध गाठायला अठरा जणांचं घालतोस काय?" आणि मग जरा थांबून, पदराने नाक पुसत म्हणाल्या, "ह्यांना जन्मभर कुठे वेळेवर जेवायची सवय होती? थांबतील एक दिवस."

कोणीतरी हसलं, आणि हसू घाबऱ्या घाबऱ्या सगळ्यांत पसरलं. भास्कर मात्र हसला नाही. त्याने नारळ उचलून स्वतःच दगडावर आपटला, एक भकल देवापुढे ठेवलं आणि कोणाकडे न बघता जाऊन स्टेअरिंगवर बसला. इंजिन सुरू झालं. लीला कान देऊन उभी होती. पहिला गिअर पडला तसा गाडीचा आवाज जड झाला, आणि तो आवाज घाट संपेपर्यंत तसाच राहिला. ती मागे स्टोच्या कठड्याला धरून, एकेका वळणावर श्वास धरून उभी. आवाज जरा बारीक झाला की तिला वाटे, बंद केलं. मग परत घुरघुर यायची. तिच्या तळहातावर कठड्याच्या पट्टीचा वळ उठला.

साखरपा मागे पडलं. दाभोळं गेलं. नाणीजच्या अलीकडे एका सपाट जागी गाडीने दोन आचके दिले आणि ती उभी राहिली.

पुढचं फार काही अवघड झालं नाही. अर्ध्या तासाने एस.टी. आली. मंडळी ट्रंका तिथेच ठेवून, हातात नुसते तीर्थाचे कॅन घेऊन चढली. यमुनाबाई खिडकीतून ओरडून सांगत होत्या की ट्रंकेत नवं लुगडं आहे, उंदीर लागू देऊ नकोस. गंगारामला एक लॉरी पालीपर्यंत न्यायला तयार झाली. तो डबा घेऊन गेला. आणि रस्त्यावर गाडी आणि ही दोघं राहिली.

ऊन कलायला लागलं होतं. लीलाने उरलेला भात आणि कुळथाचं पिठलं गरम केलं, ताट वाढून त्याच्याजवळ ठेवलं. भास्कर रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसला होता. घाटापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. ती थोडी लांब बसली. आता हा काय म्हणेल, याची तिने आधीच तयारी करून ठेवली होती. गाडी विकतो म्हणेल. तू उल्काकडे जा म्हणेल. किंवा काहीच म्हणणार नाही, आणि ते सगळ्यांत वाईट.

त्याने दोन घास खाल्ले. मग ताटाकडेच बघत म्हणाला, "गेल्या वर्षी उतरवली होती मी."

तिला कळलंच नाही. "काय?"

"इंजिन बंद करून. ह्याच घाटात. पहाटेची वेळ होती, तुम्ही सगळी झोपलेली. गंगारामही."

लीलाने मागे उभ्या गाडीकडे बघितलं.

"चौथ्या वळणावर पायडल दगडासारखं झालं. दोन्ही पायांनी दाबलं, हलेना. हँडब्रेक ओढून डोंगराच्या अंगाला घातली. गटारात चाक गेलं म्हणून थांबली." त्याने बोटाने भाताचं शीत ताटाच्या कडेला सरकवलं. "तू उठून विचारलंस, काय झालं. मी म्हटलं, म्हैस आडवी आली."

तिला आठवलं. कूस बदलून ती परत निजली होती.

"आणि तरी आज परत..." ती म्हणाली.

"वाचलो होतो ना," तो म्हणाला. "एकदा वाचलं की माणसाला वाटतं, जमतंय." मग रस्त्याकडे बघत, "तू बोलली नसतीस तर केलंच असतं आज."

लीलाला वाटलं होतं, त्याने चूक कबूल केली की आपलं मन हलकं होईल. झालं उलटंच. गेल्या वर्षीची अठरा माणसं तिच्या डोळ्यांसमोर एकेक करून यायला लागली. जयगडच्या आनंदीबाई, त्यांचा लंगडा भाऊ, ते नवं लग्न झालेलं जोडपं. सगळी तशीच निजलेली. आणि आपणही त्यांच्यात, कुशीवर, तोंड उघडं टाकून. तिने गाडीतल्या तसबिरीच्या दिशेने हात जोडले, पण काय म्हणावं ते सुचेना. उपकार तरी कशाचे मानायचे, आपल्याला न कळता वाचवल्याचे?

तिने त्याच्या ताटात आणखी पिठलं वाढलं. एवढंच म्हणाली, "जेवा. गार होतंय."

गंगाराम दिवेलागणीच्या आधी परतला. डिझेल ओतलं, पाइपात शिरलेली हवा काढली, तीन वेळा स्टार्टर मारल्यावर इंजिन लागलं. लीलाने स्टो विझवले, भांडी बांधली, पण नेहमीसारखी मागे बसली नाही. ती पुढे आली आणि भास्करच्या डाव्या हाताला, इंजिनच्या झाकणावर घोंगडीची घडी टाकून बसली. तिथून त्याचे पाय दिसत होते. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

त्यानंतर सात वर्षं ती गाडी चालली. यात्रेकरू बदलत गेले, गंगाराम थकला, फळ्या दोनदा नव्या केल्या. पण कुठलाही घाट आला, की लीलावैनी हातातलं काम टाकून पुढे येत, रात्र असो की भरदुपार, आणि उतार संपेपर्यंत तिथून हलत नसत, कोणाशी बोलत नसत. नवी माणसं एकमेकांना कौतुकाने सांगत, बाईंना घाट बघायला फार आवडतो.